मागचं गेट

120 वडापाव सांगितले होते, आले जेमतेम 50 लोक. उरलेले रात्री अतिदक्षता विभागाबाहेर जिन्यात बसलेल्या नातेवाइकांना वाटले. सभेत ज्यांच्यावरून सगळ्यात जास्त बोलणं झालं ते हेच लोक, आणि त्यांना बोलवायचं मलाही सुचलं नव्हतं.

नवी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. नाव सांगत नाही, नोकरी तिथेच आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्या खाटांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. पिवळं रेशनकार्ड, तहसीलदाराचा दाखला, आणि दाखला नसला की रडारड. पनवेल, उरण, पेण, कर्जत, कुठून कुठून माणसं येतात.

ट्रस्टला रुग्णालय वाढवायचं होतं आणि नर्सिंग कॉलेजही. त्यासाठी शेजारचा भूखंड हवा, पण विकास आराखड्यात तो वेगळ्या कामासाठी राखलेला. ते आरक्षण बदलायचं तर नगररचना कायद्याच्या (1966) कलम 37 खाली नोटीस निघते, महिनाभर हरकती आणि सूचना मागवतात, ज्यांनी लिहून दिलं त्यांना सुनावणीला बोलवतात, मग प्रस्ताव शासनाकडे जातो. पर्यावरण मंजुरीत इमारतींना जनसुनावणी लागतच नाही, 2006 च्या अधिसूचनेने त्यांना वगळलंय. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात काय, तर हा एक महिना. तो सुरळीत जावा म्हणून आधीच ‘संवाद सभा’. ट्रस्टी म्हणाले, “तुमची लोकांत ओळख आहे मॅडम, तुम्हीच बोलवा. आणि हजेरीवर सह्या नीट घ्या.” सह्यांचा एवढा आग्रह कशाला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रुग्णालयाच्या पुढे सिडकोच्या सेक्टरातल्या सोसायट्या, मागे गावठाण. सिडकोने 1970 नंतर ज्या 95 गावांची जमीन घेऊन हे शहर वसवलं, त्यांतलंच हे एक. भिंतीवर लावलेल्या नकाशात सोसायट्यांचे बगिचेसुद्धा रंगवले होते. गावठाण म्हणजे नुसता तिरप्या रेघांचा पट्टा.

आधी आर्किटेक्टने अर्धा तास पडद्यावर चित्रं दाखवली. मग एका सोसायटीचे सेक्रेटरी उठले, निवृत्त गृहस्थ, फाइल घेऊनच आलेले. पहिली मागणी, विद्यार्थिनींचं वसतिगृह आवारातच बांधा. रात्री अकराला रिक्षा, दुचाकी, हाका, झोप लागत नाही. ट्रस्टींनी लगेच मान डोलावली. तेवढ्यात गावठाणातली एक बाई ताडकन उठली. “वसतिगृह आत बांधाल तर आमच्या खोल्या कोण घेणार?”

मी गप्पच झाले. जमिनी गेल्यावर, त्या बदल्यात कबूल केलेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळेमिळेपर्यंत, गावातल्यांनी घरांवर मजले चढवले, ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात ती. त्या खोल्यांत आमच्याच सिस्टर आणि नर्सिंगच्या मुली भाड्याने राहतात. त्या भाड्यावर घरं चालतात. मी निमंत्रणपत्रात मोठ्या हौसेने ‘स्थानिक जनता’ लिहिलं होतं. ती जनता आता दोन बाजूंना बसून एकमेकांवर ओरडत होती आणि ट्रस्टी माझ्याकडे बघून हसत होते. “बघा मॅडम, त्यांचंच ठरत नाही.” लोकांना विचारायचं आणि भांडण लागलं की तेच कारण सांगून आपलं पुढे रेटायचं. भांडण खरं होतं, दोघांचंही म्हणणं खरं होतं. ते ऐकून मधला रस्ता काढायचं काम कोणाचं, ते मात्र विषयपत्रिकेत नव्हतं.

एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. सेक्रेटरी म्हणाले, पेशंटचे नातेवाईक आमच्या जिन्यात झोपतात. गावातले म्हणाले, आमच्या देवळाच्या सभामंडपात झोपतात, अंघोळीला बोअरिंगवर येतात. मग नव्या इमारतीत त्यांची सोय कुठे? आर्किटेक्टने नकाशा वरखाली केला. दोन तळघरं गाड्यांना होती. नातेवाइकांना ‘प्रतीक्षा कक्ष’, खुर्च्या 40. एफएसआयचं काहीतरी सांगितलं त्याने, कोणाला कळलं नाही. मला आठ वर्षं माहीत आहे की पेशंटमागे दोन माणसं मुक्कामाला असतात. आतल्या बैठकीत मीही होते. बोलले नव्हते.

मग एक आजी उठल्या, नऊवारीतल्या, काठी टेकत नकाशापाशी गेल्या. बोट नेमकं रेघांच्या पट्ट्याच्या कडेला ठेवलं. “बाय, यो मागचा गेट कोनाचे दारान उघरतं?”

मी वाचून दाखवलं. सेवाद्वार. शवागार, जैववैद्यकीय कचरा, ऑक्सिजनचा टँकर. पुढच्या दारातून मयत जाताना दिसू नये म्हणून ते मागे.

“म्हंजे तुमचे पेशंटला दिसाला नको, आमचे पोरांना दिसला तरी चालल.”

हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. सेक्रेटरीसुद्धा खाली बघत होते. गेट तिथून हललं असतं तर त्यांच्याच बाजूला आलं असतं.

त्या रात्री मी इतिवृत्तात गेटचं आणि नातेवाइकांचं सविस्तर लिहिलं. दोन दिवसांनी अंतिम प्रत आली, त्यात ‘उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत करून काही सूचना केल्या’ एवढंच. सोबत हजेरीपट, सगळ्यांच्या सह्या जागच्या जागी. आजींचा अंगठा तेराव्या ओळीत. शाईपॅड मीच धरलं होतं.

नोटीस निघाल्यावर आठवड्याभरात आजी ओपीडीत माझ्या टेबलाशी आल्या, नातू बरोबर. पेपरचं कात्रण समोर ठेवलं. “ह्यावर लिवून दे.”

रुग्णालयाचं लेटरहेड बाजूला सारून मी कोरा कागद घेतला. ज्या पेनने निर्धन खाटांचे अर्ज लिहिते त्यानेच माझ्या मालकांच्या गेटविरुद्ध हरकत लिहिली. खाली नातेवाइकांच्या निवाऱ्याची सूचना, आणि खाटा 200 वरून 350 झाल्या तर निर्धनांच्या 20 च्या 35 होणार का, तेही विचारून टाकलं. नातवाने वाचून दाखवलं. आजींनी अंगठा उठवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“तुजं नाव घाल ना खाली. सही कर.”

मी म्हटलं, “नको आजी.” त्यांनी कागदाची घडी घालून कनवटीला लावली आणि पुढच्या पेशंटला जागा करून दिली.