एक रुबल कमवायला सत्तेचाळीस रुबल

माझा मावसभाऊ रशियातून एमबीबीएस करून आला तेव्हा सोबत एक जाडजूड कोट, बाहुलीच्या पोटात बाहुली असते तसला सेट आणि चुकची नावाच्या तिकडच्या आदिवासींवरचे भरपूर जोक घेऊन आला. आपल्याकडे सरदारजींवर जोक मारायचे ना, अगदी तसंच तिकडे चुकचींवर. त्यातला एक तर फेमस आहे म्हणे. चुकची लेखक संघात नाव नोंदवायला जातो, तिथला माणूस विचारतो टॉलस्टॉय वाचलाय का, नाही, पुश्किन, नाही, मग वाचलंयस तरी काय? तर हा म्हणतो, "चुकची वाचक नाय, चुकची लेखक." आम्ही सगळे खो खो हसलो होतो. मीपण.

मागच्या महिन्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर नकाशा बघत बसले आणि सायबेरियाच्या पार उत्तर-पूर्व टोकाला चुकोत्का दिसलं. समोर अलास्का, मध्ये जेमतेम ८५ किलोमीटर समुद्र. अरे, हे तर त्या जोकवाल्यांचं गाव! मग वाचत गेले ते पहाटे तीनपर्यंत.

रशियन लोक सायबेरियात शिरले ते फरसाठी. पद्धत ठरलेली, टोळी गाठायची, तिच्यातली दोन-चार माणसं ओलीस धरायची (त्यांना अमानत म्हणायचे, हो, आपलाच अमानत शब्द, मूळ अरबी), आणि बाकीच्यांनी दरवर्षी फरचा कर, म्हणजे यासाक, आणून द्यायचा. बाकी सायबेरियात हे बऱ्यापैकी चाललं. चुकचींपुढे गाडी अडली. ओलीस धरलेला माणूस त्यांच्या लेखी गेलाच, त्याच्यासाठी कर भरायला कुणी येईना आणि पकडलेली माणसं जीव द्यायला तयार. वर त्या उघड्या बर्फाळ प्रदेशात सेबल (महागड्या फरचा छोटा प्राणी) नाही, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा आटापिटा तेच नाही. एक गट रेनडिअरचे कळप घेऊन फिरणारा, दुसरा किनाऱ्यावर वॉलरस आणि देवमासे मारणारा, पोटापुरतं सगळं घरचं. त्यांचं अडायचं ते फक्त लोखंडावर.

चिलखताचं वर्णन वाचून तर मी थक्क झाले. सीलच्या जाड कातड्याचे पट्टे अंगाभोवती कड्यांसारखे एकाखाली एक, नाहीतर वॉलरसच्या सुळ्याच्या चपट्या पट्ट्या भोकं पाडून वादीने ओवलेल्या. आणि मानेमागे, खांद्यावरून पुढे येणारी कातडं मढवलेली लाकडी फळी, पंखासारखी. बाण आले की मान वळवून त्या पंखाआड व्हायचं.

१७३० मध्ये शेस्ताकोव्ह नावाचा कोसॅक (झारसाठी लढणारे रशियन घोडेस्वार लढवय्ये) म्होरक्या यांच्यावर चालून गेला आणि लढाईत मारला गेला. त्याच्यानंतर आला पावलुत्स्की. हा जास्त खुनशी, १७३१ च्या मोहिमेत शेकडो माणसं मारली, कळप पळवले. १७४२ मध्ये पीटर्सबर्गहून हुकूमच निघाला की या चुकचींना समूळ निपटून काढा. मग मार्च १७४७ मध्ये चुकचींनी अनादिर्स्कच्या किल्ल्याजवळचे रेनडिअर पळवले आणि पावलुत्स्की शंभरेक माणसं घेऊन पाठलागावर निघाला. समोर पाचशेच्या आसपास चुकची. बर्फावरच्या घसरगाड्यांचा आडोसा करून थांबू असं सोबतचे सांगत होते, यानं ऐकलं नाही. बंदुकांचा एक बार निघाला, आणि ती जुनी बंदूक परत भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात भाले घेऊन चुकची अंगावर! पावलुत्स्की तिथंच संपला. त्यांच्या गोष्टींत हा याकुनिन नावाचा दुष्ट माणूस म्हणून येतो, म्हणजे चुकचींनीही त्याला लक्षात ठेवलंच.

आता इथे त्यांना साधुसंत करायचा मोह होतो, पण तसं नाहीये. शेजारच्या कोर्याक आणि युकागीर लोकांचे कळप चुकची वर्षानुवर्षं लुटत होते, म्हणून तर ते शेजारी रशियनांच्या बाजूने लढले. पावलुत्स्कीसोबतही होते. पळवलेले रेनडिअर कोर्याकांचेच.

पण मी पडले कॉस्टिंगमधली बाई, माझं लक्ष अडकलं ते पुढच्या हिशेबावर. १७६४ च्या सुमाराला प्लेनिस्नर नावाच्या अधिकाऱ्यानं अनादिर्स्कची वही काढली. १७१० पासूनचा खर्च १३,८१,००७ रुबल ४९ कोपेक (कोपेक म्हणजे त्यांचा पैसा, शंभराचा एक रुबल). जमा २९,१५२ रुबल ५४ कोपेक. कॅल्क्युलेटर काढलाच, एका रुबलच्या जमेला सत्तेचाळीस रुबल खर्च! आमच्याकडे अशी साइट दुसऱ्या क्वार्टरला बंद झाली असती, यांनी चोपन्न वर्षं चालवली. आणि ते ४९ कोपेक बघा, तेरा लाख बुडाले पण कोपेक लिहायला विसरला नाही, याला म्हणतात अकाउंटंट.

रशियाची राणी कॅथरीन, तिच्या दरबाराला पटलं. १७७१ मध्ये अनादिर्स्क सोडून दिलं, किल्ला जाळला. १७७८ ला तह झाला (त्याच वर्षी कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीची जहाजंही चुकचींच्या किनाऱ्याला लागली), आणि मग अन्युई नदीवर जत्रा भरायला लागली. तंबाखू, चहा, लोखंडी भांडी द्यायची आणि फर घ्यायची, त्यात अलास्काहून चुकचींनीच आणलेली फरही. म्हणजे जे बंदुकीनं मिळालं नाही ते तंबाखूनं मिळालं. १८२२ च्या कायद्यात तर चुकचींना पूर्ण ताब्यात नसलेले लोक म्हणून वेगळा वर्गच केला, कर किती आणि कसला द्यायचा तो त्यांच्या मर्जीवर!

त्यांना खरं वाकवलं ते पुढच्या शतकात सोव्हिएत काळाने, कळप सरकारी शेतीत गेले, मुलं बोर्डिंग शाळेत. जोकही तेव्हाचेच.

भावाला ते दोन आकडे पाठवले. त्याचा रिप्लाय, "ताई, पाच वर्षं राहिलो तिकडे, हे कुणी बोललंच नाही." मी म्हटलं, आणि युरी रित्खेउ माहितीये का, उएलेन गावचा चुकची, १९३० चा जन्म, लेखक. खराखुरा लेखक, भरपूर पुस्तकं.

"वाचलंस तू त्याचं काही?"

नाही ना अजून. शोधतेय.