सकाळी सातचा विद्युतभार

घराचे वायरिंग नव्याने करायला घेतले की वायरमन पहिल्यांदा विचारतो, "लोड किती धरायचा?" आमच्या दोन शयनगृहांच्या सदनिकेतील सर्व उपकरणांच्या वॅटची बेरीज केली, तर ती १५ किलोवॅटच्या आसपास जाते. हा झाला जोडभार. पण सगळे काही एकाच वेळी चालू असेल अशी वेळ घरात येतच नाही, त्यामुळे मीटर आणि मुख्य तार ठरवताना दिवसातील सर्वांत जड तास कोणता, हे शोधावे लागते.

बहुतेकांना हा तास मे महिन्यातील रात्रीचा वाटतो. दीड टनाचे दोन एसी प्रत्येकी १६०० वॅट धरले आणि त्यांत फ्रिज, तीन पंखे व दिवे मिळवले, तरी आकडा पावणेचार किलोवॅटच्या आतच राहतो. याउलट डिसेंबरात सकाळी सात वाजता २००० वॅटचे दोन गिझर, तेवढ्याच क्षमतेची इंडक्शन शेगडी, ७५० वॅटचा मिक्सर, फ्रिज आणि दिवे मिळून भार सात किलोवॅटपर्यंत चढतो. २३० व्होल्टला हा प्रवाह सुमारे ३०.४ अँपिअर होतो, म्हणजे ३२ अँपिअरचा मुख्य एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) जवळजवळ भरतो.

गिझर थोडाच वेळ चालतो, ही सबब येथे टिकत नाही. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला २ किलोवॅटच्या गिझरला सुमारे २६ मिनिटे लागतात आणि सगळ्यांची घाई एकाच वेळेची असल्यामुळे दोन्ही गिझर हमखास एकत्र चालतात. दोन्ही एकाच वेळी लागणार नाहीत अशी सोय बदलस्विचने केली, तर भार पाच किलोवॅटवर येतो व सिंगल फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या एकाच तारेची जोडणी, पुरते. घरातल्यांच्या शिस्तीवर मात्र हिशेब बेतू नये, असे माझे मत आहे. बदलस्विच नको असेल तर वीज आणणाऱ्या तीन तारांची थ्री फेज जोडणी घ्यावी, पण गिझर आणि शेगडी वेगवेगळ्या फेजवर टाकायला वायरमनला आधीच सांगावे, कारण तिन्ही एकाच फेजवर गेली तर खर्च वाढूनही अडचण होती तशीच राहते.

विजेवरील स्कूटरचा चार्जर साधारण पाऊण किलोवॅट घेतो. तो रात्री, एसीच्या वेळीच लागेल, म्हणून त्यासाठी मी स्वतंत्र सर्किट ठेवले; पण तो धरूनही रात्रीचा भार सकाळपेक्षा कमीच राहतो, म्हणून वीज कंपनीकडून मिळालेला मंजूर भार मात्र वाढवून मागितला नाही.