खिडकीजवळचा कोपरा

आज सुट्टी होती म्हणून हॉलच्या खिडकीजवळचा कोपरा आवरायला घेतला, गेली 2 वर्षं तिथे इस्त्रीचे कपडे आणि रिकामी खोकी यांचंच राज्य होतं. ट्यूबलाइट बंदच केली, त्या 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्या उजेडात दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं बाबा, त्याजागी 2700 केल्विनचा पिवळसर एलईडी लावला आणि भिंत एकदम आपली वाटायला लागली. खाली आजीची गोधडी, तिच्याच जुन्या नऊवारींची, कडेला एके ठिकाणी धावदोरा उसवलाय तो मुद्दाम तसाच ठेवलाय. आईचं म्हणणं, पाहुणे आले तर बसतील कुठे? (सोफा आहे की!) आत्ता तिथेच चहा घेऊन बसलेय, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत. तिसरी झाली.