प्लग होता, सॉकेट नव्हतं

ही गाडी मी जुनी घेतली तेव्हा पुढच्या बंपरखाली एक तीन पिनांची वायर लोंबत होती. ब्लॉक हीटरची, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर कोमट ठेवणाऱ्या हीटरची. आधीचा मालक गाडी रोज डेपोत लावायचा, रात्री तिथल्या सॉकेटमध्ये पिन खोचायचा आणि सकाळी कोमट इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हायचं. मीही तेच केलं. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी सुरू करणं म्हणजे काय असतं, ते मला दोन हिवाळे कळलंच नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात घाट चढून वर आल्यावर एका उघड्या पार्किंगमध्ये रात्र काढायची वेळ आली. आसपास विजेचा खांबसुद्धा नाही. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान उणे ९ होतं आणि पहाटेपर्यंत ते आणखी उतरणार हे उघड होतं. झोपायच्या आधी एक अक्कल सुचली, की इन्व्हर्टर आणून गाडीच्याच बॅटरीवर हीटर चालवला तर काय हरकत आहे? मग हिशेब केला. हीटर १००० वॉटचा, गाडी २४ व्होल्टची, म्हणजे चाळीस अँपिअरच्या वर ओढ. दोन तासांत ८० अँपिअर-तास संपले, आणि माझ्या बॅटऱ्या १५० च्या. इंजिन कोमट झालं असतं, पण ते फिरवायला बॅटरीत जीव उरला नसता. इन्व्हर्टर जवळ नव्हता हेच बरं.

सकाळी सहाला काट्याने उणे १४ दाखवलं. चावी फिरवली, इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या कॉइलचा दिवा लागला, विझला, सेल्फ मारला. एरवी खणखणीत फिरणारं इंजिन घुर्र... घुर्र... करत एकेक पिस्टन ढकलत असल्यासारखं फिरलं. सुरू होईना. परत मारला. परत. काचेवर आतल्या बाजूने माझ्याच श्वासाचं बर्फ धरलं होतं, बोटं आखडली होती, आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं, चावीवरचा हात काढलाच नाही.

शेजारच्या गाडीतले काका कानटोपी ओढत खाली उतरले.

“अहो, थांबा जरा! किती वेळा मारलात?”

“सात-आठ वेळा.”

“आणि सायलेन्सरमधून धूर?”

धुराकडे मी बघितलंच नव्हतं. त्यांनी मला परत एकदा, दहाच सेकंद, सेल्फ मारायला लावला आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. धूर नव्हता. “पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असं म्हटलं असतं,” ते म्हणाले. “इथे डिझेलच पोचत नाही. मग बॅटरी कशाला मारताय?”

त्या सकाळी शिकलेली ही पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात उडवलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. गार पडलेला ब्लॉक ती उष्णता पिऊन टाकतो. ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणून इंजिन हळू फिरतं, आणि हळू फिरलं की हवा आणखी कमी तापते. त्यात उणे अठराच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. तिघं मिळून एकाच वेळी दगा देतात. पण हे सगळं डिझेल सिलिंडरपर्यंत पोचल्यावरचं. माझं घोडं त्याच्याही आधी अडलं होतं.

फिल्टर खोलला तेव्हा आतलं बघून मी गप्पच झालो. हिवाळ्यात खोबरेलाच्या बाटलीचं जे होतं ते डिझेलचं झालं होतं: पांढुरकं, घट्ट, बोट घातलं तर खूण राहील असं. डिझेलमध्ये मेण असतंच, थंडी वाढली की त्याचे कण बाहेर पडतात आणि टाकीतलं डिझेल अजून वाहतं असलं तरी फिल्टरच्या बारीक कागदावर ते थर धरतात. मी टाकी भरली होती खालच्या उबदार भागात, उन्हाळी डिझेलने. घाट चढताना इंजिन गरम होतं, परतीच्या नळीतून कोमट डिझेल टाकीत येत होतं, म्हणून काही जाणवलं नाही. रात्री गाडी उभी राहिली आणि सगळं थिजलं.

माझ्याकडे गोठण थांबवणारं ॲडिटिव्ह होतं, तेही सीटखाली, सील न तोडलेलं. काका हसले. “हे जमायच्या आधी घालायचं असतं. जमलेलं हे वितळवत नाही.” त्यासाठी वेगळं औषध मिळतं, ते आमच्या दोघांकडे नव्हतं.

मग उपाय साधेच. त्यांच्या स्टोव्हवर पाणी गरम केलं, उकळतं नाही, हात सोसेल त्याहून थोडं जास्त. फिल्टरच्या बैठकीला आणि टाकीकडून येणाऱ्या नळीला जाड फडकी गुंडाळली आणि त्यावर थोडं थोडं ओतत राहिलो. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या खालची कळ सोडली तर त्यातून काहीच आलं नाही. तिथेही पाण्याचा बर्फ झाला होता. त्यालाही फडकं. काकांच्या केबिनमध्ये रात्रभर ठेवलेला पाच लिटरचा डिझेलचा कॅन होता, थंडीच्या डिझेलचा. नवा फिल्टर त्या कोमट डिझेलने भरून बसवला. नळीत हवा शिरली होती, म्हणून ब्लीडिंगचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसलो. आधी फेस, मग फुर्र फुर्र, मग बुडबुडे, मग सलग धार. ती सलग धार बघून झालेला आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि ज्याने हवा काढली नाही त्याला तो कळणारही नाही.

तोवर दोन माणसं गोळा झाली होती, आणि दोघांकडे सल्ला होता. एकाने ऑइल चेंबरखाली कोळसे पेटवायला सांगितलं. पूर्वी करायचे म्हणे. पण तिथूनच डिझेलच्या नळ्या जातात, रबरी सील असतात, मळलेलं ऑइल चिकटलेलं असतं, त्यामुळे मी हात जोडले. दुसऱ्याने ईथरचा स्प्रे पुढे केला. माझ्या इंजिनाला हवेच्या वाटेवरच तापणारी कॉइल आहे, लाल झालेल्या कॉइलवर ईथर मारायचं म्हणजे पिस्टनच्या आधीच भडका. ग्लो प्लगवाल्या, म्हणजे सिलिंडरच्या आतच तापणारी कांडी असलेल्या इंजिनालाही तेच. रॉकेल मिसळण्याचा विषय निघाला तेव्हा काकाच म्हणाले, की जुन्या पंपाच्या गाड्यांना चालून गेलं, आताच्या कॉमन रेलच्या, म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल पोचवणाऱ्या पंपाला डिझेलच्या वंगणाचीच गरज असते, रॉकेल कोरडं पडतं.

सेल्फ मारून मारून बॅटरी मी आधीच उतरवून ठेवली होती. काकांची गाडीही २४ व्होल्टची, हे नशीब, बारा व्होल्टच्या जीपने इथे काही झालं नसतं. बॅटऱ्यांच्या बाजू फुगलेल्या नाहीत ना, हे त्यांनी आधी हाताने चाचपलं. चार्ज नसलेली बॅटरी उणे सात-आठलाच गोठू शकते आणि गोठलेल्या बॅटरीला जंप देणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. केबल लावताना एकापाठोपाठ जोडलेल्या बॅटऱ्यांमधल्या शेवटच्या प्लसला प्लस, आणि मायनसची चिमटी बॅटरीपासून लांब, चॅसीच्या उघड्या लोखंडाला. त्यांचं इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं. नुसती केबल लावून लगेच सेल्फ मारण्यात अर्थ नसतो, मेलेल्या बॅटरीला आधी घोटभर प्यायला द्यावं लागतं.

दिवे, ब्लोअर, रेडिओ सगळं बंद. कॉइल दोनदा तापवली. दोनदा तापवणं फुकट नसतं, ती बॅटरीतूनच खाते, पण केबलच्या आधारावर तेवढं परवडलं. आणि क्लच पूर्ण दाबून धरला. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: क्लच सोडलेला असला तर न्यूट्रलमध्येसुद्धा सेल्फ गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळत बसतो.

सहाव्या-सातव्या सेकंदाला एका सिलिंडरने उचललं. मी सेल्फ सोडला नाही. दुसरं, तिसरं, आणि मग सगळी गाडी थडथडत, लंगडत सुरू झाली. मागे पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की काका दिसेनासे झाले. रेस द्यायला पाय शिवशिवत होता. दिला नाही. ऑइल प्रेशरचा काटा वर आल्यावरही पाचेक मिनिटं शांत ठेवली, मग हलक्या पायाने निघालो, कारण रिकामं उभं राहून डिझेल इंजिन तासभरातही धड तापत नाही.

पुढच्या मुक्कामासाठी मी संध्याकाळपासूनच कामाला लागलो. पहिल्या पंपावर थंडीचं डिझेल घेऊन टाकी काठोकाठ भरली, ॲडिटिव्ह भरण्याआधी घातलं म्हणजे नीट मिसळतं. सेपरेटरमधलं पाणी इंजिन गरम असतानाच काढलं. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडून तारेच्या ब्रशने चकचकीत केली, ती किती दिवसांची होती देव जाणे. आदल्या रात्री गाडीचं तोंड वाऱ्याकडे होतं, यावेळी पाठ केली आणि जाळीवर ताडपत्री बांधली. बॅटऱ्या केबिनमध्ये घ्यायचा विचार होता, पण एकेकीचं वजन चाळीस किलोच्या आसपास. त्याऐवजी रात्री दोनचा गजर लावून इंजिन चालवलं, नुसतं पाच-दहा मिनिटं नाही, चांगलं पाऊण तास, आयडलपेक्षा थोडं वर. पाच मिनिटांत सेल्फने जेवढं खाल्लं तेवढंही भरून येत नाही.

नंतर घरी परतल्यावर मी डिझेलवर चालणारा कूलंट हीटर बसवून घेतला. तो टाकीतलंच डिझेल जाळतो, जोरात चालला तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर, आणि बॅटरीतून एखाद्या दिव्याएवढी वीज घेतो. त्याचा धूर बाहेर सोडणारी नळी मात्र केबिनपासून लांब हवी, यात तडजोड नाही. पण त्या दुसऱ्या रात्री हा हीटर नव्हता, फक्त ताडपत्री आणि गजर होता.

सकाळी उणे १६. कॉइल, क्लच, सेल्फ. चार सेकंदांत इंजिन लागलं. ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत थांबलो, पार्किंग ब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी जागची हलली नाही. मागचं डावं चाक घट्ट. संध्याकाळी ओल्या रस्त्यावरून येऊन ब्रेक न सुकवताच मी गाडी लावली होती आणि ब्रेकचे शू ड्रमला चिकटून गोठले होते. खाली उतरलो, सीटमागून हातोडा काढला आणि चाकाशेजारी बर्फात आडवा झालो.