पात्म बेटावरची पायवाट

आमच्या नगरकडच्या घरी आज्जीला रोज संध्याकाळी शास्त्र म्हणजे बायबल वाचून दाखवायचं काम माझं होतं, तिला वाचता यायचं नाही पण पाठ सगळं. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, सुरू झालं की पहिल्याच अध्यायात पात्म नावाच्या बेटाचं नाव यायचं आणि ती हमखास विचारायची, हे कुठंशी आलं गं? मला तरी कुठं माहीत होतं!

तर यावर्षी मे महिन्यात मी आणि माझी धाकटी बहीण त्या पात्मला जाऊन आलो, तिथले लोक पात्मोस म्हणतात. ग्रीसचं बेट आहे पण तुर्कस्तानच्या किनाऱ्याच्या बाजूला, जेमतेम 34 चौरस किलोमीटर, वस्ती तीनेक हजार, विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून फेरीबोटीत बसलो ते रात्री उशिरा स्काला बंदरात उतरलो, सात-आठ तास नुसतं पाणी बघत.

सकाळी लवकर चालायला लागलो. वर टेकडीवरच्या मठाकडं जायला गाडीरस्ता आहे, बस पण आहे, पण आम्हाला जुन्या दगडी पायवाटेनंच जायचं होतं. चढ चांगलाच आहे, दगड झिजून गुळगुळीत झालेत, पुढं पाइनची झाडं लागतात तेव्हा जरा सावली. आमच्या पुढं एक काळा रुमाल बांधलेली म्हातारी बाई काठी टेकत चालली होती, एकदाही थांबली नाही, आम्ही मात्र तीनदा बसलो.

अर्ध्या वाटेवर गुहा आहे. रोमन बादशहा डोमिशियनच्या काळात, साधारण इ.स. 95 च्या सुमारास, प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला इथं हद्दपार केलं होतं आणि इथंच त्याला दर्शन झालं, तो सांगत गेला आणि त्याचा शिष्य प्रोखोरस लिहीत गेला अशी इथली परंपरा आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की छत एकदम डोक्याला लागेल इतकं खाली येतं. खडकाला तीन फाटे असलेली भेग आहे, ती वाणी आली तेव्हा पडली म्हणतात. तो डोकं टेकायचा ती खोबणी आणि उठताना हात धरायचा ती, दोन्हीला चांदीची कड लावलीय. फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे ते. बहीण तिथं रडली, मी नाही, मी खिडकीतून समुद्राकडं बघत बसले.

कारण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की प्रकटीकरणात शेवटी नवं आकाश नवी पृथ्वी येते तिथं समुद्रही राहिला नाही असं का लिहिलंय. लहानपणी वाईट वाटायचं, मला समुद्र बघायचा होता ना. पण या माणसाच्या भोवती चारी बाजूंनी तोच होता, तोच तुरुंगाची भिंत, आपली माणसं सगळी पलीकडच्या किनाऱ्यावर इफिस शहरात. विद्वान लोक दुसरे अर्थही सांगतात पण तिथं बसल्यावर मला तरी हाच पटला.

वर खोरा गावात पोचल्यावर तेच परत दिसलं. 1088 मध्ये सम्राट अलेक्सियस कोम्नेनसनं हे बेट ख्रिस्तोदुलस नावाच्या साधूला दिलं, त्यानं टेकडीवर मठ बांधायला घेतला, आणि मठ कसला, किल्लाच तो! आपल्या तटबंदीची आठवण व्हावी अशा उंच भिंती, का तर समुद्रातून हल्ले यायचे. त्या हल्ल्यांपायी खुद्द ख्रिस्तोदुलसला बेट सोडावं लागलं, तो 1093 मध्ये दूर इव्हिया बेटावर वारला, नंतर शिष्यांनी त्याचा देह परत आणला. पुढं तुर्क आले, 1912 ला इटालियन आले, मग जर्मन, 1948 ला कुठं बेट ग्रीसला मिळालं. एवढं होऊन मठ चालूच आहे. सम्राटाचं ते फर्मान आत जपलंय, आणि जांभळ्या चामड्यावर चांदीच्या अक्षरांत लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या मार्कच्या शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, 33 पानंसुद्धा.

मठातून बाहेर आल्यावर आज्जीला व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवून सगळीकडचं निळं पाणी दाखवलं, म्हटलं आज्जी हे बघ तुझं पात्म. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, एवढं पाणी, पर प्यायला कुठलं गं त्याला?

पावसाचं साठवून ठेवत असतील, मी म्हटलं, आपल्यासारखंच. मग तिनं मान हलवली आणि प्रार्थनेला डोळे मिटले, फोन तसाच हातात धरून.