टाकीचं पाणी आणि काळी पडणारी बाटली

पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली, तेव्हापासून सोसायट्यांमध्ये एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्यांची, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे का हे तपासणाऱ्या बाटल्यांची, विचारणा वाढली. चाचणी स्वस्त आणि खरोखर उपयोगी आहे. पण ती नीट करायला हवी.

बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते: पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार. विष्ठा मिसळलेल्या पाण्यात सिट्रोबॅक्टर, साल्मोनेलासारखे जिवाणू सापडतात. ते थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्याचा लोहाशी संयोग होऊन पाणी काळंकुट्ट होतं. गंमत म्हणजे ई. कोलाय, विष्ठेची नेहमीची खूण मानला जाणारा जिवाणू, स्वतः हा वायू बनवत नाही. त्याच्या सोबत्यांवरून अंदाज बांधायचा.

नमुना घेताना नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या. मग खुणेपर्यंत भरा. इथेच सगळ्यात जास्त चूक होते: सवयीने बाटली आधी विसळली जाते आणि औषध वाहून जातं. झाकणाच्या आत बोट लागलं तरी निकाल बिघडतो. तीन नमुने घ्या: महापालिकेच्या लाइनचा, हौदाचा, वरच्या टाकीचा. लाइनचं पाणी स्वच्छ आणि टाकीचं काळं निघालं, तर दोष आपल्या टाकीत आहे. चौथ्या बाटलीत उकळून, झाकून गार केलेलं पाणी भरा. तीही काळी पडली तर बाटल्या खराब किंवा हाताळणीत चूक.

३० ते ३७ अंशात ठेवून २४ आणि ४८ तासांनी बघा. पुण्याच्या डिसेंबरात ओट्यावर ठेवलेली बाटली गार पडते, जिवाणू वाढतच नाहीत आणि घाण पाणी पास होतं. थर्मोकोलच्या डब्यात कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, पाणी गार झालं की बदला. उलट, बोअरचं पाणी भरताच काळं झालं तर ते जिवाणूंमुळे नाही, पाण्यातच आधीपासून असलेल्या सल्फाइडमुळे.

बाटली काळी झाली नाही म्हणजे पाणी निर्धोक, असं समजू नका. त्या साथीत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो या बाटलीत दिसत नाही, आणि विषाणूही दिसत नाहीत. म्हणून रोज ओटीच्या (ऑर्थोटोलिडीन) थेंबांनी क्लोरीन तपासणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं.

टाकीच्या पाण्याची बाटली काळी निघाली की तोवर पिण्याचं पाणी उकळा. टाकी घासून भरा, दर हजार लिटरला ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर १५० ग्रॅम बादलीत कालवून वरची निवळी ओता, रात्रभर ठेवा. ते पाणी प्यायचं नाही. सकाळी सोडून द्या, धुवा, ताजं भरा आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासा. काळ्या बाटलीत जिवाणू वाढलेले असतात. हुंगू नका, ब्लीचिंगचं पाणी घालून तासभर ठेवा आणि संडासात ओता.