इंजिनानं नाव दिलं, चाळीनं पगार

ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवर उभे राहायला लागले, तसं प्रत्येक बिल्डरला सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीतलं मॉडेल हवं असायचं. स्पंजची झाडं, निळ्या ॲक्रिलिकचा स्विमिंग पूल, खिडक्यांत दिवे. आमचा मूळ धंदा हा. वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, एक लेझर कटर, दोन कारागीर आणि कायम थकलेली बिलं. एका बिल्डरनं वर्षभर टोलवाटोलवी केली आणि शेवटी पैशांऐवजी पार्किंगची जागा घेता का म्हणून विचारलं. आमच्याकडे गाडी नव्हती, आणि त्या इमारतीत घरही नव्हतं.

धंद्यात रेल्वे आणली माझ्या दिरानं. सासरे कळवा कारशेडला फिटर होते, त्यामुळे घरात जेवतानाही बोगी, रेक, पँटो हेच विषय. दीर शाळेपासून इंजिनांचे नंबर वहीत उतरवणारा. १६ एप्रिल १८५३ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून आली ती ठाण्यालाच, तेव्हा या गावात रेल्वेवेडे असणारच. पण त्यांना आपल्याकडच्या इंजिनाचं चांगलं मॉडेल सहजी मिळत नव्हतं. मग लोक परदेशी डिझेल मागवायचे आणि त्यालाच भारतीय रंग फासायचे. दीर म्हणाला, "वहिनी, आपल्याकडे लेझर आहे, रंगाची माणसं आहेत. डब्ल्यूडीएम-टू करू या, आपलं जुनं डिझेल इंजिन."

हौशी लोकांत जास्त चालतं ते एचओ माप, म्हणजे १:८७. दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे रूळ युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजचे, १४३५ मिलिमीटरचे. आपला ब्रॉडगेज १६७६चा, त्याला खरं तर १९.३ मिलिमीटर रूळ लागतील. पण तेवढ्यासाठी वेगळे रूळ, सांधे, चाकं कोण बनवणार? म्हणून वरची बॉडी अचूक ठेवायची आणि चाकं जरा आत घ्यायची, ही तडजोड सगळेच करतात. आम्हीही करतो. समोरून पाहिलं तर कळतं, बाजूनं नाही.

जिथे तडजोड खपत नाही ती जागा म्हणजे बोगी, म्हणजे डबा नव्हे, तर इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. डब्ल्यूडीएम-टू ही अमेरिकन अल्को कंपनीची रचना, २६०० अश्वशक्तीची. १९६२ला आली आणि १९६४पासून वाराणसीत तयार व्हायला लागली. तिच्या बोगीतली तीन चाकं सारख्या अंतरावर नाहीत, एक जोडी जवळ आणि तिसरं चाक लांब. तयार परदेशी चासी (चाकं-मोटरवाला खालचा भाग) बसवली की बहुतेक वेळा हे अंतर सारखं येतं, आणि जाणकार माणूस रंगाकडे न बघता आधी तिथेच बोट ठेवतो. आम्ही बोगीच्या बाजू स्वतः काढल्या. मूळ नमुना (मास्टर) थ्रीडी प्रिंटरवर, मग सिलिकॉनचा साचा, मग रेझीन ओतायचं. पितळी पत्र्याच्या जाळ्या रबाळेच्या एका पीसीबीवाल्याकडून एचिंग करून, म्हणजे रसायनानं कोरून घेतो. ॲसिडची भानगड आपल्या गाळ्यात नको.

या कामात सगळा खेळ जाडीचा. प्रिंटरचा एक थर ५० मायक्रॉनचा, म्हणजे खऱ्या इंजिनावर चार मिलिमीटरहून जास्त उंचीची वरंबी. ती ओल्या पॉलिश पेपरनं घासून काढल्याशिवाय प्रायमर मारायचा नाही. रंगाचंही तेच. दोन हात जास्त बसले की रिव्हेट बुजतात. इंजिनाला धरायच्या दांड्यांसाठी ०.३ मिलिमीटरची पितळी तार वापरतो, ड्रिलनं भोकं पाडून प्रत्येक दांडी वेगळी बसते. रंग डबीतून काढून तसाच मारला तर मॉडेल काळपट दिसतं, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. हे आमच्या रंगाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा डोळा गणपतीच्या कारखान्यात तयार झालेला.

नंतर डब्ल्यूसीजी-टू केलं. चित्तरंजनला बनलेलं, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं मालगाडीचं इंजिन. कसारा आणि कर्जतच्या घाटात ही इंजिनं बँकर म्हणून, म्हणजे गाडीला मागून ढकलायला लागायची. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कल्याणचे एक निवृत्त ड्रायव्हर ते मॉडेल बघायला गाळ्यात आले. चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल उलटं केलं आणि चाकांपाशी वाळूच्या नळ्या आहेत का ते आधी पाहिलं. होत्या. "पावसात चाक घसरायला लागलं की हीच नळी वाचवते, ताई," म्हणाले. मग इंजिनातल्या ड्रायव्हरच्या कॅबकडे वळले आणि अर्धा तास दिराची तोंडी परीक्षा घेतली. जाताना ऑर्डर दिली नाही. त्यांच्या मुलानं पुढच्या महिन्यात दिली.

नाव झालं ते असं. पण हिशेबाचं सांगायचं तर इंजिनावर आम्ही कधीच तगलो नसतो. एका इंजिनामागे आठवडे जातात आणि गिऱ्हाईक मोजकं. मोटर, गिअर, डीसीसीचा डिकोडर (रुळांतून येणारा डिजिटल हुकूम ओळखून मोटर चालवणारी चिप), सगळं बाहेरून यायचं. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०वरून ६० टक्के झाली, २०२३ला ७०. छोट्या मापाची मॉडेल्स त्याच वर्गात मोडतात. देशी खेळणीवाल्यांना फायदा झाला असेल, मला त्यांचा हेवा नाही. आमची तयार चासी मात्र हाताबाहेर गेली. तेव्हापासून इंजिनं बहुतेक शोकेससाठी बनतात. धावणारं हवं असेल तर गिऱ्हाईकानं स्वतःची चासी आणून द्यायची.

पगार निघतो तो इमारतींवर. बारा डब्यांची लोकल या मापात जवळजवळ तीन मीटर होते, ठाण्यातल्या वन-बीएचकेत ती मावणार कुठे? पण फलाटाचा एक तुकडा, मागे दोन मजली चाळ आणि समोर रिक्षा स्टँड हे टीव्हीच्या कपाटावर बसतं. बिल्डरकडची आमची सवय इथे उलटी करावी लागली. तिथे सगळं नवंकोरं हवं असायचं, इथे नवीन दिसलं की संपलं. मंगलोरी कौलांच्या ओळीत दोन कौलं वेगळ्या रंगाची हवीत, गळती झाल्यावर बदललेली. पावसाच्या पाइपाखाली भिंतीवर काळा ओघळ, तळाशी शेवाळ. छपरावर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेल्या विटा. ग्रिलच्या आत वाळत घातलेले कपडे. सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे ब्रेकची धूळ. गाड्या फलाटाला थांबतात तिथली खडी मोकळ्या लाइनीपेक्षा जास्त तांबूस असते आणि डब्यांचा खालचा भागही. हा तांबूसपणा एअरब्रशनं येत नाही. खडूची पूड कोरड्या ब्रशनं लावावी लागते, आणि कुठे थांबायचं ते कळावं लागतं. नवीन मुलं हमखास जास्त लावतात.

रस्त्यावरच्या गाड्यांचं खातं त्याहून बरं. रिक्षा तीन सेंटीमीटरची, मागच्या पत्र्यावर "आई तुळजाभवानी प्रसन्न" हे डेकलवर, म्हणजे चिकटवायच्या पातळ पापुद्र्यावर छापलेलं. ते वाचायला भिंग लागतं, पण लोक वाचतात. सप्टेंबर २०२३ला बेस्टच्या जुन्या डिझेल डबल डेकर बंद झाल्या, ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी गेल्या, आणि त्या दिवाळीला आमच्याकडे फोन थांबेनात. परदेशातल्या मराठी पोरांच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त. डोंबिवली सोडून वर्षं झालेली असतात, पण टॅक्सीचं कॅरिअर छपरावर नाही तर बघवत नाही त्यांना.

दिराचं मन अजून इंजिनातच आहे. सध्या नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचं डिझेल इंजिन, एनडीएम-वन, त्यानं टेबलावर घेतलं आहे. मूळ रूळच ६१० मिलिमीटरचे, १:८७ला जेमतेम सात. एवढ्या अरुंद मापात चालणारी मोटर बसवायची म्हणतो. मी त्याला डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे, तोवर गाळ्याचं भाडं चाळी भरतील.

ऑर्डर द्यायची असेल तर फोटो पाठवा आणि वर्ष सांगा. एकाच इंजिनाचे रंग चार वेळा बदललेले असतात, "लहानपणी पाहिलेला" एवढ्यावर रंग ठरत नाही. रंगकाम जून ते सप्टेंबर बंद असतं. दमट हवेत लॅकरवर पांढरी झाक येते, एमडीएफ फुगतो, आणि आमचा रंगारी त्या दिवसांत पेणला गणपती रंगवायला जातो.